मास्क लावा, आग्रह नाही

थांबा. दार ढकलण्याआधी जरा इकडे बघा. मी पाटी बोलतेय. ट्रँटर यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानाची पाटी. दाराच्या काचेवर, मुठीच्या जरा वर, सुतळीने टांगलेली काळ्या दगडाची पातळ लादी दिसतेय ना, ती मीच. खालचा उजवा कोपरा तुटलेला आहे, तिकडे बघू नका.

मी मूळची छपरावरची, दगडी कौल. इथल्या थॉर्नबॅच गावच्या चॅपलवर, म्हणजे छोट्या चर्चवर, आम्ही शेकडो बहिणी एकीवर एक रेलून बसलेल्या होतो. ऐंशी वर्षं पाऊस अंगावर घेतला, डोमकावळ्यांची भांडणं ऐकली. मग एका फेब्रुवारीत असं वादळ आलं की मी सरळ गवतात येऊन पडले. कोपरा तेव्हाच गेला. विल्फ्रेड ट्रँटर सकाळी तिथून जात होता, त्याने मला उचललं, धुतलं, लाकडी चौकट ठोकली आणि आपल्या दुकानाच्या दारावर टांगलं. माझ्यावर पहिल्यांदा त्याने लिहिलं: "रॉकेल आलं आहे."

काय सुख होतं त्या वाक्यात! लोक वाचायचे आणि रॉकेल न्यायचे. पुढे कित्येक वर्षं माझ्यावर असंच लिहिलं गेलं. उंदराचे सापळे आत आहेत. बियाण्याचे बटाटे आले. किल्ल्या बनवून मिळतील. तुमच्याकडच्या काही पाट्या म्हणे गिऱ्हाइकाला दारातूनच सरळ करतात. मला तेवढी हौस नव्हती. एक वाक्य, एक अर्थ, एवढ्यावर मी खूश होते.

विल्फ्रेड गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडे आलं. डेस्मंडकडे. दुकानात भिंतभर खण आहेत, तीनशे बारा. एकावरही नाव नाही, कारण नावं घालायला विल्फ्रेडला आयुष्यात सवड झाली नाही. पण कुठला स्क्रू कुठे, कुठली कडी कुठे, हे डेस्मंडला झोपेतही सांगता येतं. तपकिरी डगला घालून तो चाळीस वर्षं गल्ल्याच्या फळीमागे उभा राहिला. लोक एक खिळा घ्यायला यायचे आणि पाऊण तास थांबायचे. डेस्मंडने लग्न केलं नाही, त्याला त्याची गरज वाटली नसावी, अख्खं गाव दिवसभर त्याच्याकडे येतच होतं.

त्याची थोरली बहीण ग्लेनिस शाळेत लहान मुलांना शिकवायची. निवृत्त झाल्यावर तीही दुकानात आली आणि माझ्यावर लिहायचं काम तिच्याकडे गेलं. अक्षर मोत्यासारखं. स्वभावही चांगला, फार चांगला, आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. बाई इतकी सभ्य की दार तिच्या खांद्याला लागलं तर ती दाराची माफी मागते. मी स्वतः ऐकलंय, एकदा नाही, पाच-पंचवीस वेळा.

मग डेस्मंडची किडनी गेली. दोन्ही गेल्या. ग्लेनिसने आपली एक त्याला दिली. आता हे सांगण्यासारखं नाही का? गावभर सांगावं असं नाही का? माझ्यावर काय लिहिलं गेलं माहीत आहे? "काही घरगुती कारणामुळे दुकान दोन महिने बंद राहील. गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व." दोन महिने मी ते घेऊन लटकले. परत आल्यावर रोलंड बेडोज, म्हणजे डेस्मंडचा शाळेपासूनचा दोस्त, हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळातला त्याचा भिडू, त्याने विचारलं, सगळं ठीक ना? डेस्मंड म्हणाला, उत्तम. झालं. एक किडनी इकडची तिकडे गेली आणि त्यावर एवढंच बोलणं झालं. दोघांनी लगेच बिजागऱ्यांचा विषय काढला. बहीणभावंडांचं ठरलेलं होतं, उगाच गाजावाजा नको. या लोकांना जगातली कुठलीही गोष्ट चालते, फक्त गाजावाजा चालत नाही.

त्यानंतर ती साथ आली. डेस्मंड ज्या गोळ्या घेतो त्या बहिणीची किडनी अंगाने नाकारू नये म्हणून असतात, आणि त्या त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. इतरांना साधा ताप येईल तिथे त्याचा जीव जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे लस आली तीही दिली, पण ती त्याच्या अंगी नीट लागली नाही. डेस्मंड वरच्या मजल्यावर गेला आणि वरच राहिला. ग्लेनिस खालून ओरडून विचारायची, पितळी कडी, दोन इंची? वरून उत्तर यायचं, खिडकीकडून चौथी रांग, खालून सहावा.

दुकानात मास्क लावायचा कायदा आला तेव्हा मात्र माझे दिवस फिरले. माझ्यावर लिहिलं गेलं: "मास्क लावा. कायदा आहे." ग्लेनिसला ते लिहिताना कसंतरीच झालं, खडू दोनदा मोडला. पण कायदा सरकारने केला होता, तिने नव्हता केला, त्यामुळे उद्धटपणाचं पाप सरकारच्या माथी गेलं. ज्यांना खरोखरच मास्क लावता येत नाही अशी दोन-तीन माणसं गावात आहेत, त्यांना ती दारातच सामान आणून द्यायची. बाकीचे झाडून सगळे तोंड झाकून आत यायचे. पुढच्या वसंत ऋतूत, दार उघडं ठेवून, डेस्मंड रोज सकाळी दोन तास खाली येऊ लागला. पार आतल्या टोकाला, किल्ल्यांच्या यंत्रापाशी उभा राहायचा. तेवढ्याने त्याचा चेहरा परत माणसासारखा झाला.

आणि मग जुलैत कायदा उठला. वर्तमानपत्रांनी त्या दिवसाला स्वातंत्र्यदिन म्हटलं. या देशाला आजवर कधी स्वातंत्र्यदिनाची गरज पडली नव्हती, तो दिवस इतर लोक यांच्यापासून सुटल्याबद्दल साजरा करतात. तर यांनाही एक मिळाला, कशापासून, तर कानामागच्या दोन रबरांपासून.

सरकार म्हणालं, आता सक्ती नाही, पण गर्दीच्या ठिकाणी लावाल अशी अपेक्षा आहे. अपेक्षा! म्हणजे काम दुकानदारावर ढकललं, आणि दुकानदाराने ते माझ्यावर. आदल्या दिवशी ग्लेनिसने मला टेबलावर आडवं घेतलं आणि तासभर विचार केला. तिने लिहिलेलं तुम्हाला जसंच्या तसं सांगते: "नियम उठला आहे याची आम्हाला कल्पना आहे. तरीही, आपली काही हरकत नसल्यास, दुकानात असताना मास्क लावण्याचा विचार केल्यास आम्ही आपले अत्यंत आभारी राहू."

यात डेस्मंडचं नाव नाही, किडनीचं नाही, गोळ्यांचं नाही. ग्लेनिसच्या लेखी ही अगदी निर्वाणीची भाषा होती. तिच्या मते याहून कडक लिहिलं असतं तर लोकांनी दुकानात येणंच सोडलं असतं.

सकाळी पहिला आला रोलंड बेडोज. माझ्यासमोर उभा राहिला, चष्मा नाकावर चढवून शेवटपर्यंत वाचलं आणि उघड्या तोंडाने आत गेला. ग्लेनिसने भुवया उंचावल्या. यापलीकडे तिला काही करता येत नाही.

"मी विचार करून पाहिला, ग्लेनिस," तो म्हणाला. "नको वाटलं."

तो विनोद नव्हता हो. माणसाने खरोखर विचार केला होता. मी तसं करायला सांगितलं होतं, त्याने केलं. कपाळ बडवून घ्यायला मला हात नाहीत, नाहीतर त्याच दिवशी माझा दुसराही कोपरा गेला असता.

मग मला पुसायचं सत्रच सुरू झालं. ऑगस्टमध्ये लिहिलं: "मास्क लावलात तर बरं होईल, पण आग्रह नाही." लोक आग्रह नाही एवढंच वाचायचे. पुढे कोणीतरी कुरकुरलं की आपल्याला इथे नकोसं केल्यासारखं वाटतं, तर ग्लेनिसने घाबरून खाली भर घातली: "न लावणाऱ्यांचंही मनापासून स्वागत." सांगा आता, मी कोणाला काय म्हणतेय? मास्क लावून येणाऱ्या मिसेस प्रॉसर, पलीकडच्या बेकरीच्या, त्या ते वाचून ओशाळल्या आणि आपण उगाच शिष्टपणा करतोय असं वाटून त्यांनी मास्क काढून पिशवीत टाकला. एक होतं तेही गिऱ्हाईक घालवलं मी. शेवटी ग्लेनिसने माझ्या कोपऱ्यात मास्क लावलेलं एक हसरं मांजर काढलं. मांजर सगळ्यांना आवडलं. त्याचे फोटो काढून नेले.

डेस्मंड वरच. सकाळचे दोन तास गेले. लोक खाली विचारायचे, डेस्मंड दिसत नाही? ग्लेनिस म्हणायची, जरा कामात आहे. रोलंड रोज यायचा, त्याच्या खुराड्याच्या दाराला बिजागरी हवी होती आणि वरून खण कळला तरी ग्लेनिस रोज चुकीची काढून द्यायची. एकदा त्याने आवाज खाली आणून विचारलं, माझ्यावर रागावलाय का तो? गेल्या मोसमात मी दुसऱ्याबरोबर खेळलो म्हणून? ग्लेनिस म्हणाली, छे छे, अजिबात नाही. तिच्या 'अजिबात नाही'चा अर्थ त्याने 'हो' असा घेतला. इथे सगळे तसाच घेतात. मान खाली घालून गेला बिचारा. मी दारावरून बघत होते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य माझ्यावर मावलंही असतं.

सप्टेंबरात एका सकाळी रोलंड पुन्हा चुकीची बिजागरी परत करायला आला आणि वर डेस्मंडचा धीर सुटला. तो धाडधाड जिना उतरून खाली आला, बरोबर खणात हात घातला आणि बिजागरी फळीवर आपटली. स्वतःचा मास्क त्याच्या हनुवटीवर होता. रोलंडला इतका आनंद झाला की त्याने फळीवरून वाकून त्याचे दोन्ही खांदे धरले, हलवले, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, मेलास की काय वाटलं मला. दहा मिनिटं दोघं बोलत होते. मला ते बघून बरं वाटलं, हे मी कबूल करते. चौथ्या दिवशी मिसेस प्रॉसर सांगत आल्या, रोलंड तापाने आडवा आहे, तपासणीत तेच निघालंय.

त्यानंतरचे नऊ दिवस मला आठवायचे नाहीत. दुकान बंद होतं. ग्लेनिस रोज सकाळी भावाच्या नाकात काडी घालायची आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटते का ते बघत बसायची. माझ्यावर तेच हसरं मांजर होतं. मला त्याचा इतका राग आला होता की वारा आला की मी मुद्दाम दारावर आपटायचे.

रेघ उमटली नाही. का नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. नशीब, म्हणाले. दहाव्या दिवशी ग्लेनिस खाली आली, ओलं फडकं घेतलं आणि मला असं घासलं की माझ्या अंगावरचं गेल्या साठ वर्षांतलं सगळं निघून गेलं असावं. डेस्मंड जिन्यात उभा होता. त्याने ओळखलं ती काय लिहिणार ते.

"ग्लेनिस, लोकांना कशाला सांगायचं? आपलं ठरलंय ना?"

"तुझं ठरलंय. मी गप्प बसले होते."

"गावभर कीव करतील माझी. ती काय शोभा!"

ग्लेनिसने खडू खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, तो तिला चढवता येतच नाही.

"डेस, ती किडनी माझी होती. मी ती तुला सभ्यपणा करून घालवायला दिलेली नाही. पाच वर्षं मी लोकांना सांगतेय की माझं पोटाचं काहीतरी झालं होतं. पुरे झालं आता."

डेस्मंड जिन्याच्या पायरीवर बसला. तिने लिहिलं. अक्षर अगदी सरळ आलं: "डेस्मंडची किडनी बदललेली आहे. त्याला ही साथ लागली तर तो जगणार नाही. मास्क लावा."

साठ वर्षांत माझ्यावर लिहिलेल्यातलं हे सगळ्यात खरं. मला वाटलं, सुटले! आता प्रश्नच मिटला. उद्यापासून लोक तोंड झाकून येतील, डेस्मंड खाली उभा राहील, पाऊण-पाऊण तास गप्पा होतील.

दुसऱ्या दिवशी डेस्मंडने डगल्याला इस्त्री केली आणि नऊ वाजता फळीमागे येऊन उभा राहिला. दार उघडं, खिडक्या उघड्या. लोक आले, मला वाचलं, चेहरे पडले. आणि सगळेच्या सगळे माघारी गेले.

कोणी आत पाऊल टाकेना! आपल्यामुळे त्याला काही व्हायला नको म्हणून. त्याला त्रास नको, त्याला अवघडायला नको, त्याला बरं नसताना उगाच बोलायला लावायला नको म्हणून. पत्र टाकायच्या फटीतून चिठ्ठ्या येऊ लागल्या: दोन डझन स्क्रू, सवडीने, घाई अजिबात नाही. उंबऱ्यावर झाकलेली भांडी येऊ लागली, मटणाच्या रश्शाची, सफरचंदाच्या गोड पाईची, त्यावर चिकटवलेलं, भांडं परत करायची गरज नाही. मिसेस प्रॉसर बेकरीतून हात हलवायच्या. डेस्मंड हात हलवायचा. पहिल्या दिवशी ते छान वाटलं. पंधराव्या दिवशी हात हलवताना तो दुसरीकडे बघत होता.

मी काय लिहून उभी होते? आत येऊ नका असं? मास्क लावा, एवढे दोन शब्द होते! पण यांना दोनच गोष्टी येतात, एक तर अर्धवट ऐकायचं नाहीतर सांगितल्याच्या दुप्पट करायचं. आधी त्यांच्या बेफिकिरीमुळे तो वर कोंडलेला होता. आता त्यांच्या काळजीमुळे खाली कोंडलेला होता. फरक एवढाच की खाली खिडकीतून ते सगळे जाताना दिसायचे, आणि दुकानासमोर आल्यावर ते पाय न वाजवता चालायचे. आजारी माणसाच्या घराजवळून चालतात तसं.

तीन आठवडे झाले. ऑक्टोबर लागला. रोलंड कधीच बरा झाला होता. तो रोज अकरा वाजता समोरच्या पदपथावर यायचा, टोपी हातात घ्यायचा, मला वाचायचा आणि निघून जायचा. रोज. मी पाठ झाले असेन त्याला. त्या बुधवारीही तो तसाच आला. डेस्मंडने आतून त्याला पाहिलं. फळीची झडप उचलून तो बाहेर आला, दारात उभा राहिला, आणि खिशातला खडू काढून माझ्यावर सगळ्यात खाली, तुटक्या कोपऱ्याजवळ, खरडलं: "आणि आत या." त्याचं अक्षर घाणेरडं आहे. मग रस्त्यापलीकडे बघून त्याने हाक मारली.

"रोलंड. वाचलंस?"

"वाचलं." रोलंड जागचा हलला नाही. "त्या दिवशी मी तुला धरलं ना, डेस. माझ्या अंगात तेव्हाच असणार ते. मला माहीत नव्हतं. मी तुला मारलं असतं."

आता इथे काय उत्तर येणार ते मला ठाऊक होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. छे रे, तसं काही नाही. मनाला लावून घेऊ नकोस. चहा घेणार का? पिढ्यान् पिढ्या हेच उत्तर येत आलंय, आणि ते ऐकून माणूस मान हलवतो आणि ओझं घेऊन घरी जातो.

"हो," डेस्मंड म्हणाला. "मारलं असतंस."

बेकरीच्या दारात मिसेस प्रॉसर थिजल्या.

"आणि आता तीन आठवडे तू तिथे उभा राहून मारतोयस. मला मरायचं नाहीये, रोलंड. पण इथे एकट्याने खिळे मोजत बसून जगायचंही नाहीये. मास्क लाव आणि आत ये."

रोलंडने खिसे चाचपले, सगळे, पँटचे, कोटाचे, पुन्हा पँटचे. मास्क नव्हता. त्याने तो कधी आणलाच नव्हता, कारण आत जायचं त्याच्या मनातच नव्हतं. ग्लेनिस आतून खोका घेऊन आली, एक मास्क त्याच्या हातात दिला. त्याने तो लावला, उलटा लावला, निळी बाजू आत. डोळे पुसायला चष्मा काढला तेव्हा एक रबर कानावरून सुटलं, ते पुन्हा अडकवलं. मग रस्ता ओलांडून तो आला आणि माझ्याशेजारी हात टेकवून त्याने दार लोटलं. खूप दिवसांनी दारावरची घंटा वाजली.

खुराड्याची ती बिजागरी अजून बसली नव्हती. त्यावर ते दोघं पावणेदोन तास बोलले. दुपारपर्यंत आणखी चौघं येऊन गेले. मिसेस प्रॉसरना काहीच घ्यायचं नव्हतं, त्यांनी लाजत एक उंदराचा सापळा घेतला.

पुढे हिवाळ्यात सरकारने कायदा परत आणला, दोन महिन्यांनी परत उठवला. ग्लेनिसने विचारलं, पाटी बदलायची का? डेस्मंड म्हणाला, कशाला? आता तर गावात कोणीच मास्क लावत नाही, टपाल कचेरीत नाही, चर्चमध्येही नाही. इथे लावतात. बाहेरून आलेले पाहुणे कधी कधी मला वाचून हसतात, अजून हे चाललंय का, म्हणतात. हसू दे. डेस्मंडच्या गोळ्या अजून चालू आहेत.

ग्लेनिस दर सोमवारी माझी अक्षरं नव्याने गिरवते. डेस्मंडने खरडलेले ते तीन शब्द मात्र ती त्याच्याच हातून गिरवून घेते, आणि ते दर वेळी आधीपेक्षा घाणेरडे येतात. माझी चौकट एका बाजूने सुटत आलीय, खिळा मारायला इतक्या खिळ्यांच्या दुकानात कोणाला सवड नाही.

तर झालं माझं सांगून. तुम्ही किती वेळचे दारात उभे आहात, आणि मला दिसतंय, तुम्हीही विचार करताय. विचार करू नका. खोका डावीकडे आहे, त्यातला एक घ्या, नाक झाका आणि आत जा. तो वाट बघतोय.